वाटणीत माणसं : अमेरिकेच्या दक्षिणेतले जुने कागद वाचताना

शमा_रॅली

नमस्कार मंडळी. हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज बसले एकदाची. लांब होणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात रॅलीला राहतो. शेजारी एक आजी आहेत, काळ्या अमेरिकन, वय ७८, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांना त्यांच्या खापरपणजीचा माग काढायचाय. नजर अधू झाल्यामुळे जुनं हस्ताक्षर त्यांना लागत नाही, आणि मी पुण्यात असताना मोडी शिकले होते हे त्यांना कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं, तर त्या म्हणाल्या तूच चल माझ्याबरोबर. म्हणून गेले दोन महिने दर शनिवारी आम्ही दोघी इथल्या राज्याच्या अभिलेखागारात जातो.

आधी एक गोष्ट सांगते जी मलाही माहीत नव्हती. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचा वेगळा तक्ता आहे, त्यात मालकाचं नाव असतं आणि खाली नुसते आकडे, वय, बाई की पुरुष, रंग. नाव नाही. बहुतेक काळ्या कुटुंबांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती थेट १८७० ला. त्याच्या मागे जायचं तर एकच मोठा रस्ता उरतो, मालकाच्या मरणाचे कागद. कारण मालक मेला की त्याच्या मालमत्तेची यादी करावी लागायची, आणि यादीत किंमत लावायची म्हणून नाव लिहावं लागायचं.

तर असा एक कागद आम्हाला सापडलाय. मोठा बागायतदार वगैरे नाही हां, साधा शेतकरी, मका, डुकरं, थोडा कापूस. मृत्युपत्र केलं नव्हतं. शेजारचे तीन जण पंच म्हणून आले आणि त्यांनी खळं, गोठा, घर असं फिरत यादी केली असावी कारण ओळी त्याच क्रमाने जातात. एका ओळीत "१ निग्रो बाई", पुढे तिचं नाव, पुढे "आणि मूल". त्याखाली "१ डो. मुलगी", म्हणजे डिट्टो, वरचाच शब्द परत लिहायचा कंटाळा म्हणून. त्याखाली "१ तांबडी घोडी". त्याखाली दोन नांगर, एक पिसांची गादी. सगळं एकाच अक्षरात एकाच शाईत. पहिल्या ओळीतल्या त्या मुलाला नावही नाही, आईच्या किमतीतच त्याची किंमत धरलीये. घोडीचा रंग लिहिलाय आणि मुलाचं नाव नाही, हे मी आजींना वाचून दाखवताना माझा आवाज बसला.

दुसरा कागद वाटणीचा. पाच वारस. ती बाई (आजींच्या मते हीच त्यांची खापरपणजी) एका चिठ्ठीत आणि तिची मोठी मुलगी, ती डो. वाली, दुसऱ्या चिठ्ठीत.

नावं इथे देत नाहीये, आजींनी देऊ नको म्हटलंय.

मला समजून घ्यायचंय ते हे : त्या भावाबहिणींमध्ये भांडण झाल्याची एकही खूण कागदात नाही, सगळं शांतपणे, सगळ्यांच्या सह्या आहेत. मग आई आणि लेक वेगळ्या का केल्या? कोणी याविषयी वाचलं असेल तर लिहा.


टिपूर

बापरे. वाचतेय. घोडीचा रंग… काय बोलावं कळेना.


बोरकूट

चांगला धागा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.


वकीलकाका

शमाताई, मी कायद्याच्या अंगाने थोडं वाचलंय, सांगतो.

भांडण नव्हतं म्हणूनच वेगळ्या केल्या असं म्हणेन मी. ऐकायला विचित्र वाटेल. आधी पद्धत बघा. माणूस मेला, मृत्युपत्र नाही, तर काउंटी कोर्ट (तुमच्या नॉर्थ कॅरोलायनात त्याला कोर्ट ऑफ प्लीज अँड क्वार्टर सेशन्स म्हणायचे) एक व्यवस्थापक नेमायचं, त्याच्याकडून जामीन घ्यायचं, मग पंच, मग यादी. पहिलं देणं फेडायचं. आणि देणं फेडताना आधी जंगम मालमत्तेला हात घालायचा, जमिनीला शेवटी. गुलाम बहुतेक राज्यांत जंगम धरलेले, म्हणजे दुकानदाराची उधारी, डॉक्टरचं बिल, शेजाऱ्याची हुंडी हे सगळं भागवायला जमीन वाचायची आणि माणूस विकला जायचा.

देणं फिटलं की उरलेलं वारसांत. आता इथे बघा. इंग्रजांच्या वेळी थोरल्याला जमीन जायची, धाकटे हात हलवत राहायचे. स्वातंत्र्यानंतर त्या राज्यांनी हे मोडून काढलं, व्हर्जिनियात १७८५ चा कायदा आहे, बाकीच्या राज्यांतही आगेमागे त्याच काळात. मुलगे मुली सगळ्यांना सारखा वाटा. त्या काळाच्या मानाने पुढारलेला कायदा, शाळेत शिकवावा असा. पण मालमत्तेत माणसं असतील तर सारखा वाटा म्हणजे काय होतं? पाच वारस तर पाच ढीग करायचे आणि प्रत्येक ढिगाची डॉलरमधली किंमत एकसारखी आली पाहिजे. कोर्टाने नेमलेले आयुक्त हे ढीग लावायचे, त्यांना नंबर द्यायचे आणि मग चिठ्ठ्या काढायच्या. ज्याचा ढीग थोडा जड त्याने हलक्या ढीगवाल्याला रोख फरक द्यायचा, तुमच्या कागदात शेवटी "लॉट १ ने लॉट ३ ला इतके डॉलर द्यावे" असं असेल बघा.

आई आणि लेक एका ढिगात टाकल्या असत्या तर तो ढीग जड झाला असता. एवढंच कारण. कोणाचा राग नाही, द्वेष नाही, बेरीज जुळवायची होती.


शमा_रॅली

आहे!! अगदी तसंच आहे, शेवटच्या पानावर. मला वाटलेलं ती काहीतरी जुनी उसनवारी असेल.


गोदाकाठ

चिठ्ठ्या काढून वाटणी. आमच्याकडे आजोबा गेल्यावर शेताच्या वाटण्या अशाच झाल्या होत्या, घरातल्या सगळ्यात लहान पोराला बोलावून चिठ्ठी उचलायला लावली, कारण लहान मूल पक्षपात करणार नाही. आम्हाला सगळ्यांना ते किती न्यायाचं वाटलेलं. आज हे वाचून पोटात कालवलं. रीत तीच, फक्त ढिगात काय ठेवलंय त्यात फरक.


मावशीबाई

हॅरिएट जेकब्स यांचं आत्मकथन वाचा शमा, ती गुलामीत जन्मलेली, तुमच्याच राज्यातली, ईडेंटन गावची, पुस्तक १८६१ सालचं. त्यात पहिल्याच प्रकरणात हे आहे. तिच्या आजीला पाच मुलं. मालक वारल्यावर ती मुलं मालकाच्या मुलांत वाटली गेली, पण पाचाचा भाग नीट बसेना, म्हणून सगळ्यात धाकटा, बेंजामिन, दहा वर्षांचा, त्याला विकून टाकला आणि आलेले पैसे सारखे वाटले. ७२० डॉलर आले त्याचे. ती लिहिते की प्रत्येक वारसाला डॉलर आणि सेंटमध्ये समान वाटा मिळावा म्हणून. सेंटमध्ये! वकीलकाका म्हणतात ती बेरीज हीच.

त्याच आजीचं पुढचं ऐका. ही बाई दिवसभर मालकिणीचं काम उरकून रात्री बिस्किटं भाजून विकायची, एकेक पैसा साठवून ३०० डॉलर जमवले, पोरांना सोडवायला. मालकिणीने ते उसने मागून घेतले आणि त्यातून चांदीचं झुंबरी मेणबत्तीदान घेतलं. गुलामाला दिलेल्या शब्दाला किंवा कागदाला कोर्टात किंमत नव्हती. मालकीण मेली, आजी पैसे मागायला गेली, तर मालमत्ता सांभाळणारा जावई म्हणाला इस्टेट बुडीत आहे, कायद्याने देता येत नाही. पण ते चांदीचं मेणबत्तीदान ठेवून घ्यायला कायदा आड आला नाही, हे हॅरिएटने नोंदवून ठेवलंय. ते त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जात राहील असंही लिहिलंय.

आणि आपण मेल्यावर तू मोकळी असा शब्द मालकिणीने आजीला दिला होता तरी १८२८ मध्ये तिला लिलावाला उभं केलं. गावातल्या लोकांना लाज वाटली, कोणी बोली लावेना. शेवटी मालकिणीची म्हातारी बहीण ५० डॉलर म्हणाली, तिच्यावर कोणी बोली चढवली नाही, आणि तिने आजीला मोकळं केलं. दहा वर्षांच्या पोराचे ७२० आणि त्याच्या आईचे ५०.


टिपूर

मेणबत्तीदानाचं वाचून मला रडू आलं खरंच. ३०० डॉलर बिस्किटं विकून.


रानपाखरू

मी जरा वेगळं विचारतो, कोणी अंगावर येऊ नका. मोठ्या मळ्यांवर हाल होते हे मान्य, पण लहान शेतकरी, ज्याच्याकडे दोनचार गुलाम, तो त्यांच्याबरोबर शेतात राबायचा, एकाच विहिरीचं पाणी, एकाच चुलीवर जेवण. तिथे तरी जरा माणुसकी असेल ना?


वकीलकाका

रानपाखरू, प्रश्न रास्त आहे, कोणी अंगावर येणार नाही.

१८६० ला दक्षिणेत जे गुलाममालक होते त्यातल्या साधारण निम्म्यांकडे पाचापेक्षा कमी गुलाम होते. म्हणजे शमाताईंना सापडलेला शेतकरी हा अपवाद नव्हता. जिवंतपणी तो कसा वागायचा ते घराघरावर असेल, पण तो मेला की गणित बघा. ज्याच्याकडे २०० माणसं आहेत त्याच्या वाटणीत एखादं अख्खं कुटुंब एका ढिगात बसू शकतं, जागा आहे. ज्याच्याकडे चार माणसं आणि पाच वारस, तिथे कुटुंब फुटणारच, दुसरा मार्गच नाही. आणि मालक कधी मरणार हे कुणाच्याच हातात नाही, झाडावरून पडला, ताप आला, नदीत गेला.


मावशीबाई

नदीवरून आठवलं. जोसाया हेन्सन, मेरीलँडचे. त्यांचा मालक डॉक्टर होता, स्वभावाने बरा, स्वतःचं नाव या पोराला दिलेलं, म्हणजे लाडका होता म्हणे. तो एका रात्री दारूच्या नशेत घोड्यावरून ओढ्यात पडून बुडाला. झालं, मालमत्ता वारसांत वाटायची म्हणून लिलाव. एकेक भाऊ बहीण समोरून विकली गेली, मग आई. आईला ज्याने घेतलं त्याच्या पायांना मिठी मारून ती म्हणाली माझं एवढं धाकटं तरी घ्या, आणि त्याने लाथा घालून तिला बाजूला केलं. हेन्सन पाचसहा वर्षांचे होते तेव्हा. म्हातारपणी लिहितात, आईचं ते सरपटत जाणं डोळ्यांसमोरून जात नाही. पुढे ते कॅनडाला पळून गेले.

रानपाखरू, मालक बरा होता तरी हे झालं.


रानपाखरू

समजलं. मी मालकाच्या स्वभावाकडे बघत होतो, त्याच्या मरणाकडे बघायला हवं होतं. धन्यवाद दोघांना.


कोयनाकाठ

फ्रेडरिक डग्लस, गुलामीतून निसटून पुढे गुलामीविरुद्धचे मोठे वक्ते आणि लेखक झाले, त्यांचं कोणी अजून कसं नाही लिहिलं? १८२६ मध्ये त्यांचा मालक अ‍ॅरन अँथनी मेला, मृत्युपत्र न करता. तोही काही बडा जमीनदार नव्हता, दुसऱ्या मोठ्या जमीनदाराचा कारभारी. डग्लस तेव्हा आठनऊ वर्षांचे, बाल्टिमोरला एका घरी ठेवलेले, तिथल्या मालकिणीने अक्षरओळख करून दिलेली. वाटणीसाठी त्यांना परत बोलावून घेतलं, कारण किंमत लावायला माल समोर हवा. ते लिहितात की पुरुष, बायका, म्हातारे, पोरं सगळ्यांना घोडे, मेंढ्या आणि डुकरांबरोबर एका रांगेत उभं केलं आणि सगळ्यांची तीच बारीक तपासणी.

पण त्याहून मला हलवलं ते पुढचं. वारसांत एक मुलगा अँड्र्यू, दारुडा आणि क्रूर. त्याने वाटणीच्या काही दिवस आधीच डग्लसच्या लहान भावाला गळ्याला धरून जमिनीवर आपटलं आणि बुटाच्या टाचेने डोकं तुडवलं, नाकाकानातून रक्त येईपर्यंत. आणि आता चिठ्ठी कोणाकडे जाते यावर सगळ्यांचं आयुष्य. सगळे त्या भीतीत होते की अँड्र्यूकडे नको जाऊ दे. मत विचारायचा प्रश्नच नव्हता. डग्लस दुसऱ्या बाजूला, मालकाच्या मुलीच्या कुटुंबाकडे गेले आणि परत बाल्टिमोरला पाठवले गेले. महिनाभरच बाहेर होतो, सहा महिने वाटले म्हणतात. तिकडे गेले म्हणून वाचन चालू राहिलं आणि पुढचं सगळं घडलं. चिठ्ठी उलटी पडती तर?


बोरकूट

प्रत्येकच चिठ्ठीत एखादा डग्लस असेल असं वाटायला लागलंय.


शमा_रॅली

कोयनाकाठ, हे मी आजींना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत मग म्हणाल्या, माझ्या खापरपणजीलाही पाचांपैकी कोणीतरी नको असेल, ते कागदात सापडणार नाही.

अजून एक विचारायचंय. आमच्या कागदात विधवेचा वेगळा हिस्सा आहे, "तिच्या हयातीपुरता" असं लिहिलंय. ते काय असतं?


वकीलकाका

त्याला डावर म्हणतात, विधवेचा हक्क. साधारण एक तृतीयांश, जमिनीत, आणि व्हर्जिनियासारख्या काही राज्यांत गुलामांतही, पण वापरायचा फक्त, तिला विकता येत नाही, कोणाला देता येत नाही, मोकळं तर अजिबात करता येत नाही. ती गेली की तो हिस्सा परत नवऱ्याच्या वारसांकडे आणि मग परत वाटणी. म्हणजे एकाच मरणाच्या दोन वाटण्या. पहिल्या वाटणीत एकत्र राहिलेलं कुटुंब दुसरीत फुटायचं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरातलं आहे. लहान शेतकरी नाही, पण यंत्र तेच म्हणून सांगतो. त्याची बायको मार्था, तिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मेला, मृत्युपत्र नाही. तिला एक तृतीयांश हयातीपुरता मिळाला, ती मग वॉशिंग्टनशी लग्न करून माउंट व्हर्ननला, त्याच्या मळ्यावर, आली आणि त्या हिश्श्यातली गुलाम माणसंही आली. १७९९ ला तिथे एकूण ३१७ गुलाम होते, त्यातले १२३ वॉशिंग्टनचे स्वतःचे आणि १५३ कस्टिसच्या हिश्श्यातले, बाकीचे भाड्याने घेतलेले. इतक्या वर्षांत या दोन गटांत लग्नं झाली, पोरंबाळं झाली. वॉशिंग्टनने मृत्युपत्रात स्वतःच्या लोकांना मोकळं करायचं लिहिलं. मार्थाने ते १ जानेवारी १८०१ ला केलंही. पण १५३ जणांना हात लावायचा अधिकार दोघांनाही नव्हता. मार्थाच्या मरणानंतर, १८०२ मध्ये, ते तिच्या चार नातवंडांत वाटले गेले. आई कस्टिसची असेल तर पोरं कस्टिसची, बाप मोकळा झालेला असला तरी. कारण व्हर्जिनियाचा १६६२ चा कायदा, मूल आईच्या दर्जाला जातं. नवरा मोकळा, बायको एका नातीकडे, लेक दुसऱ्या नातीकडे.


मावशीबाई

ओना जज त्याच १५३ च्या गटातली ना? १७९६ ला फिलाडेल्फियाहून पळून न्यू हॅम्पशायरला गेली, कारण मार्था तिला नातीच्या लग्नात आहेर म्हणून देणार होती हे तिच्या कानावर आलं. १८४८ पर्यंत जगली पण कायद्याने शेवटपर्यंत गुलामच, आणि तिथे जन्मलेली तिची मुलंही कागदोपत्री कस्टिसच्या वारसांची.


वकीलकाका

बरोबर. आणि साखळी तिथेही तुटत नाही. त्या चारांपैकी एक नातू, जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिस, आपल्या वाट्याची माणसं घेऊन आर्लिंग्टनला राहिला. तो १८५७ ला मेला. मृत्युपत्रात लिहिलं की पाच वर्षांच्या आत सगळ्यांना मोकळं करा, पण चार नातींना प्रत्येकी १० हजार डॉलरही द्या आणि इस्टेटीवर कर्ज. अंमलबजावणी जावयाकडे, जावई म्हणजे रॉबर्ट ई. ली, नंतर यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती. त्याने कर्ज आणि नातींचे पैसे उभे करायला लोकांना लांब लांब भाड्याने पाठवलं, घरं फुटली, कोर्टात मुदत वाढवून मागितली. तिथले लोक म्हणत होते आम्ही मालकाच्या मरणाबरोबरच मोकळे झालो. १८५९ ला वेस्ली नॉरिस, त्यांची बहीण आणि एक चुलतभाऊ पळाले, धरले गेले, आणि नॉरिस यांनी १८६६ ला दिलेल्या जबानीत सांगितलंय की ली ने समोर उभं राहून फटके मारायला लावले आणि नंतर पाठीवर खारं पाणी. मुक्तीच्या कागदावर सही झाली २९ डिसेंबर १८६२ ला. १७५७ ला एक माणूस मृत्युपत्र न करता मेला त्याचा हा हिशोब १०५ वर्षांनी मिटतोय.


गोदाकाठ

एकशे पाच वर्षं… आमच्या भावकीचा दिवाणी दावा चाळीस वर्षं चालला तर आम्ही त्याला जन्मठेप म्हणायचो.


कोयनाकाठ

मृत्युपत्र करून सोडायचं म्हटलं तरी वारस सोडत नव्हते. जॉन रँडॉल्फ, व्हर्जिनियाचा मोठा जमीनदार, १८३३ ला मेला. एका मृत्युपत्रात मुक्ती, नंतरच्यात नाही, नातेवाईक १३ वर्षं कोर्टात. शेवटी १८४६ मध्ये ३८३ जण मोकळे झाले, ओहायोत त्यांच्यासाठी जमीन घेतलेली, तिथे गेले तर गोऱ्या लोकांनी हत्यारं घेऊन हाकलून लावलं. व्हर्जिनियात राहायचीही सोय नाही कारण १८०६ च्या कायद्याने मोकळ्या झालेल्याने बारा महिन्यांत राज्य सोडायचं.


टिपूर

एक शंका. आई आणि अगदी तान्हं मूल तरी एकत्र ठेवत असतील ना? शमाच्या कागदातही एकाच ओळीत आहेत.


वकीलकाका

तान्हं बहुतेक एकत्रच, कारण अंगावर पिणारं मूल वेगळं केलं तर जगत नाही आणि मग किंमतही जाते. लुइझियानात कायदाच होता की दहा वर्षांखालचं मूल आईपासून वेगळं विकायचं नाही. पण बाकी बऱ्याच ठिकाणी दहा म्हणजे शेतात कामाला येणारं वय, ते वेगळी ओळ, वेगळी किंमत. शमाताईंच्या कागदातली ती "डो. मुलगी" वेगळ्या ओळीत आली याचा अर्थ पंचांनी तिला कामाची धरली.

आणि मृत्युपत्रांत एक शब्द शोधा, "इन्क्रीझ". "अमुक बाई आणि तिची वाढ माझ्या मुलीला." वाढ म्हणजे तिला पुढे होणारी मुलं. गुरांसाठी जो शब्द तोच. काही मृत्युपत्रांत तर बाई एका वारसाला आणि तिचं पुढचं पहिलं मूल दुसऱ्याला. अजून पोटातही नसलेलं मूल वाटून टाकलेलं.


मावशीबाई

हॅरिएटलाही तसंच दिलं होतं, १८२५ मध्ये, बारा वर्षांची असताना, तिच्या स्वतःच्या मालकिणीने (आजीची मालकीण वेगळी) मृत्युपत्रात आपल्या तीन वर्षांच्या भाचीला. तीन वर्षांच्या पोरीला बाहुली द्यावी तसं. मालक ती पोरगी, पण राज्य तिच्या बापाचं, आणि तो बाप कसा होता ते पुस्तकात वाचा, त्याच्यापासून वाचायला ती आजीच्या घराच्या माळ्यावर जवळजवळ सात वर्षं लपून होती. नऊ फूट लांब, सात रुंद, उंच बाजूला तीन फूट. उठून बसताना डोकं लागायचं. खाली स्वतःची मुलं दिसली की फटीतून बघायची. १८४२ ला निसटली.


बोरकूट

अल्पवयीन वारस असेल तर मग गुलामांचं काय करायचे? ती मोठी होईपर्यंत?


वकीलकाका

पालक नेमायचे आणि दर १ जानेवारीला त्या माणसांना वर्षभरासाठी भाड्याने द्यायचे. जो जास्त देईल त्याला. आलेल्या पैशातून त्या गोऱ्या पोरक्या मुलांची शाळा, बूट, कपडे. पालकाने दरवर्षी कोर्टात हिशोब द्यायचा, हे हिशोब शमाताई जरूर काढा, त्यात कोण कुठे गेलं ते वर्षावर्षाने सापडतं. नवीन वर्षाचा दिवस म्हणजे ३१ डिसेंबरच्या रात्री आया मुलांना जवळ घेऊन बसलेल्या, हेही हॅरिएटने लिहिलंय.


निळासावळा

उशिरा आलो. मोठ्या इस्टेटीत कुटुंब एकत्र राहू शकतं असं वर आलंय, त्यावर थोडं. जॉर्जियातल्या बटलर घराण्याची इस्टेट दोन भावांच्या शाखांत होती. पियर्स बटलर कर्जात बुडाला म्हणून आधी माणसांची दोन वाटण्यांत विभागणी झाली आणि त्याचा अर्धा वाटा २ आणि ३ मार्च १८५९ ला सव्हानाजवळ घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर लिलावात काढला. ४३६ जणांची जाहिरात होती. ३ लाख ३ हजार ८५० डॉलर आले. दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता, काळ्या लोकांत त्याला रडण्याची वेळ असं नाव पडलं. तिथे कुटुंबं फोडायची नाहीत असं ठरलेलं होतं. पण कुटुंब कोणाला म्हणायचं ते विकणाऱ्याने ठरवलं. जेफ्री नावाचा २३ वर्षांचा मुलगा नव्या मालकाला हात जोडत होता की डॉर्कसलाही घ्या, आमचं ठरलंय, ती भाताच्या शेतात चांगली कामाची आहे म्हणून तिची तारीफ करत होता. पण डॉर्कस तिच्या घरच्या चौघांच्या ढिगात होती, एकटी मिळत नव्हती. मालक चौघांना घ्यायला तयार नव्हता. कुटुंब न फोडण्याच्या नियमानेच ती दोघं तुटली.


गोदाकाठ

प्रेयसीची तारीफ करायची तर शेतात किती काम करते ते सांगायला लागलं त्या पोराला. यावर पुढे काही लिहवत नाही.

थोडं अवांतर : महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलंय, गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. म्हणजे पुण्यात बसलेल्या माणसाला या गोष्टीचं मोल तिथली गुलामगिरी संपल्यावर आठच वर्षांत कळलं होतं. आम्हाला शाळेत अर्पणपत्रिका वाचून दाखवली होती पण सोडवलं म्हणजे नेमकं कशातून ते आज कळतंय.


शमा_रॅली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शनिवार होता, आम्ही परत गेलो होतो. वकीलकाकांनी सांगितल्याप्रमाणे वारसांची नावं घेऊन जमिनीचे कागद काढले, म्हणजे कोणाचं शेत कुठे होतं. आई तिसऱ्या चिठ्ठीत, एका मुलाकडे. लेक पहिल्या चिठ्ठीत, लग्न झालेल्या मुलीकडे. ओढ्यांची नावं अजून तीच आहेत म्हणून दोन्ही जागा नकाशावर बऱ्यापैकी लागल्या. तान्ह्या मुलाचं नाव अजून नाही मिळालं.

आजी म्हणाल्या, अंतर काढ. फोनवर काढलं, आताच्या रस्त्याने साडेअकरा मैल येतंय.


कोयनाकाठ

शमाताई, डग्लस यांची आई बारा मैलांवर दुसऱ्याच्या शेतात होती. दिवसभर काम करून रात्री चालत यायची, पोराजवळ आडवी व्हायची, तो झोपला की उठून परत, सूर्योदयाला शेतावर हजर नाही तर फटके. आयुष्यात चारपाच वेळाच भेटली म्हणतात ते. बारा मैल चालून येणाऱ्या आया होत्या, हे आजींना सांगा.


शमा_रॅली

सांगितलं कोयनाकाठ. आत्ताच त्यांच्याकडून आले. त्यांनी दोनदा विचारलं, बारा ना? मग कपाटातून चष्मा काढला आणि म्हणाल्या तो नकाशा मोठा छापून आण, रस्ते नकोत, फक्त ओढे आणि त्या दोन जागा, मला बोटाने जाऊन बघायचंय.

उद्या छापून देतेय. पुढच्या शनिवारी पालकांचे हिशोब काढायचे आहेत, वारसांत एक जण अल्पवयीन होता. मिळालं काही तर इथेच लिहीन.